परत मागितलेलं वाण

दिनानाथने माळ्यावर हात घालून चाचपलं, तर खोकं नव्हतं. स्टुलावर टाचा उंचावून त्याने पुन्हा पाहिलं. जुनी घमेली, सुपं, गणपतीच्या मखराचा थर्माकोल, सगळं जागच्या जागी. मास्कचं खोकं तेवढं गायब.

"सरू, वरचं खोकं कुठे गेलं?"

"ते व्हय?" सरू भाकरी थापता थापता म्हणाली. "वाण दिलं ना मी, काल हळदीकुंकवाला. वाट्या-चमचे काय सगळ्याच देतात. म्हटलं यंदा मास्क द्यावा. बायका काय खूश झाल्या म्हणून सांगू!"

दिनानाथ स्टुलावरून उतरला आणि त्याच स्टुलावर बसला.

तो पेणबाहेरच्या एका गोदामात माल तपासायला होता. परदेशातून आलेले मास्क तिथे उतरत. प्रत्येक खेपेतले थोडे काढून मशीनवर लावायचे, फाडून बघायचे, आणि माल पास की नापास ते ठरवायचं, एवढंच त्याचं काम. या खेपेतला मास्क त्याने कात्रीने उघडला तेव्हा आत मधला थरच नव्हता. आजार अडतो तो त्या थरात. बाकी नुसती फडकी. त्याने शेठला नेऊन दाखवलं.

"बाहेर कोण फाडून बघतंय?" शेठ म्हणाला.

त्या दिवसांत माणसांच्या नोकऱ्या पटापट जात होत्या. दिनानाथने पासचा शिक्का मारला. कुंपणानेच शेत खाल्लं. वर शेठने उरलेलं एक खोकं घरी न्यायला दिलं, तेही त्याने मुकाट्याने आणलं. घरात मात्र कारण न सांगता त्यातला एकही कुणाला लावू दिला नाही. आज सुट्टी होती, म्हणून ते परसात जाळून टाकायचं त्याने ठरवलं होतं.

"कुणाकुणाला दिलेस?"

"आख्ख्या आळीला. यंदा सगुणावहिनींना पण बोलावलं. हिरामणभावजी गेल्यापासून कुणी बोलवत नाय त्यांना. काशीबायनं नाक मुरडलं. मुरडू दे! वहिनींच्या डोळ्यांत पाणीच आलं हो."

सगुणाचं घर आळीच्या टोकाला होतं. रोह्याला कोविडच्या वॉर्डात ती मावशी म्हणून लागली होती आणि उद्यापासून तिची ड्युटी पुन्हा सुरू होणार होती. दिनानाथने पायात चपला सरकवल्या.

सगुणा ओट्यावर पिशवी भरत बसली होती. त्याला पाहून तिने पदर सावरला.

"या भावजी. उद्या पहिल्या एष्टीनं निघते. तिकडं एकच मास्क देतात, तोच धुऊन धुऊन लावायचा. आता काळजी नाय. सरूताईंनी दिलेला नेणार. सगळ्यांना सांगणार हाय मी, आमच्या भावजींनी तपासलेला माल हाय म्हणून."

वाटेत जुळवलेलं एकही वाक्य दिनानाथला आठवेना. तिच्या तोंडाकडे बघवेना, म्हणून तो तिच्या पिशवीकडे बघत राहिला.

"वहिनी, ते वाण... परत द्या."

सगुणाचा हात थांबला. तिने का म्हणून विचारलं नाही. ती आत गेली. मास्क तिने देवापुढे ठेवला होता, त्याच्या पाकिटाला हळदीचं बोट लागलं होतं. सोबतची तिळगुळाची पुडीही तशीच होती. दोन्ही तिने त्याच्या हातावर ठेवलं.

"मला ठावंच होतं," ती म्हणाली. "रांडमुंड बाईला वाण दिल्यावर लोक बोलणारच. काशीबाय बोलली असंल. भावजी, मी कुंकू लावून घेतलं नाय, देवाशपथ. नुसती बसले. सरूताईंना काय बोलू नका. मीच आपणहून परत दिलं म्हणून सांगा."

ती काय समजली ते त्याला क्षणभर कळलंच नाही. कळलं तेव्हा त्याने तोंड उघडलं, आणि मिटलं. मास्क तर हातात आला होता. तो लावून ती वॉर्डात जाणार नव्हती. शिक्क्याची गोष्टही आता कुणाला कळणार नव्हती. दिनानाथला हायसं वाटलं, आणि तसं वाटल्याची लाज वाटली. तरी तो काही न बोलता वळला.

मधल्या घराच्या दारात काशीबाई तांदूळ निवडत होती. तिने त्याच्या हातातल्या पाकिटाकडे पाहिलं, मग टोकाच्या घराकडे पाहिलं, आणि समाधानाने हसली.

"बरं केलंस रे दिना. रीत ती रीत."

भर बाजारात कुणी थोबाडीत मारली असती तरी त्याला एवढं लागलं नसतं. ही बाई त्याला आपल्यातला समजत होती. आणि त्याच्या गप्प बसण्याने तो झालाही होता.

"काकी, तुमचा मास्क पण आणा," तो म्हणाला. आवाज त्याच्या अपेक्षेपेक्षा मोठा निघाला. "सगळ्यांनीच आणा. खोटे हायत ते. आत काय नाय त्यांच्यात. मला ठाऊक होतं, आणि मीच पास केले."

एकेक दार उघडलं. सरू पिठाच्या हातांनी बाहेर आली आणि उंबऱ्याशीच उभी राहिली. बराच वेळ ती नवऱ्याकडे अनोळखी माणसाकडे बघावं तशी बघत होती.

"आणि बाकीचा माल?" तिने विचारलं.

"गेला. दवाखान्यांत."

काशीबाईच्या सुपातले तांदूळ तसेच राहिले. मग मागून पावलं वाजली. सगुणा आपल्या ओट्यावरून उतरून तिथवर आली होती.

"म्हणजे माझ्यापायी नाय मागितलंत?"

"नाय, वहिनी."

"काशीबाय बोलली म्हणून नाय?"

"नाय."

"मग वाण माझंच हाय," सगुणा म्हणाली.

तिने त्याच्या हातातली तिळगुळाची पुडी काढून घेतली, आणि मास्क त्याच्याच हातात राहू दिला.