मधोमध आणलेला सांधा

माझ्या जिभेला हाड नाही, असं माझा नवरा यान मरेपर्यंत म्हणत आला. तान्नेकेने मला निवडलं तेही त्याच गुणावर. आमच्या भागातल्या खूस गावच्या वाचनालयात साठीपुढच्यांसाठी संगणकाचा वर्ग होता आणि तिथे ती पत्राचे कागद करायला शिकवायची. हे कागद हातात येत नाहीत. ई-मेल उघडलं की अक्षरांच्या मागे दिसतात, फुलापानांचे, लेसचे, शिंपल्यांचे. पहिल्याच दिवशी तिने स्वतःचे ट्युलिप पडद्यावर दाखवले. बाकीच्या बायका अहाहा करत होत्या. मी म्हटलं, "बाई, ही तर कांद्याची पात दिसतेय."

"वर्ग संपला की थांब जरा," ती म्हणाली.

मला वाटलं, आता खरडपट्टी निघणार. ती चाळीस वर्षं शाळेत मुलींना शिवण शिकवून निवृत्त झालेली. मुलीच्या हातातलं कापड ओढून घ्यायची, उलटं करायची आणि वाकडी टीप दिसली की तिथल्या तिथे उसवायची, अशी तिची ख्याती होती. पण मी थांबले तेव्हा ती हसत होती. "माझे धडे बाहेर जाण्याआधी तू बघायचेस. आणि तान्नेके म्हण. बाई म्हणणाऱ्या पुष्कळ आहेत, कांद्याची पात म्हणणारी तू एकटीच."

तेव्हापासून मी तिची परीक्षक झाले. आमच्या त्या जगात हे पद असतं बरं का. दर बुधवारी तान्नेकेचा नवा धडा चाळीसेक बायकांना जायचा. आमच्या झीलंड प्रांतातल्या बऱ्याच, काही पलीकडे बेल्जियमच्या. त्याआधी सोमवारी तो माझ्याकडे यायचा. मी पायरी न पायरी करून बघायचे आणि डोळ्यांत तेल घालून चुका शोधायचे. चूक असली तर लांबलचक पत्र. नसली तर एकच शब्द: बेमालूम.

कारण सगळी गंमत त्या बेमालूमपणात आहे. अख्ख्या पत्राचा कागद कुणी रंगवत नाही. एक चौकोनी तुकडा करायचा, तोच शेजारी शेजारी आणि खाली खाली लागत जातो. कडा जुळल्या नाहीत तर न्हाणीघराच्या फरशीसारख्या रेघा दिसतात. नवशिक्या बायका कडांवर अंधुक रंग फासून वेळ मारून नेतात. तान्नेकेला त्याची चीड यायची. ती म्हणायची, "लपवायचंय ना? मग आधी मधोमध आणून ठेव." म्हणजे प्रोग्रामला सांगायचं, चित्र अर्धं उजवीकडे आणि अर्धं खाली सरकव. तसं केलं की चारही कडा मध्यभागी येऊन भिडतात आणि सांध्याची फुली ढळढळीत समोर दिसते. मग आजूबाजूचा रंग ब्रशने उचलायचा, कुठे पाकळी, कुठे पान, आणि ती फुली भरून काढायची. तान्नेके ती अशी भरायची की चित्र परत सरकवून, मोठं करून बघितलं तरी मला सापडायची नाही. आणि मी शोधायला बसले की सोडत नाही.

एकदा माझ्याकडे कॉफी पीत असताना ती म्हणाली, "मिन, ज्या दिवशी माझा सांधा दिसेल त्या दिवशी सांग. मी त्या दिवशी थांबेन."

"सांगेन की. तुझी कसली भीड?" मी म्हटलं, आणि तिच्या ताटलीत दुसरा बोलुस वाढला. दालचिनीचा तो चिकट पाव तिला फार आवडायचा. बोटं चाटताना ती शाळेतली बाई वाटायचीच नाही.

चौथ्या वर्षी डिसेंबरच्या मध्यावर एका सोमवारी तिचा हिदर फुलांचा तुकडा आला. मी तो पत्राला लावला आणि बघतच राहिले. गुलाबी फुलांमधून एक निळसर रेघ आडवी गेली होती. चित्र सरकवून पाहिलं. मध्यभागी फुली तशीच होती, अर्धवट भरलेली, आणि भरलेल्या पाकळ्या वाकड्या, भलत्याच ठिकाणी. कडेची फुलं मात्र नेहमीसारखी सुरेख.

मी सायकल काढली आणि बंधाऱ्यावरून तिच्या गावी, वेमेलदिंगेला गेले. आमच्या यर्सेकेहून अर्धा तास, वारा तोंडावर. तान्नेकेने कॉफी ओतली ती कपाच्या शेजारी, बशीत. माझ्याकडे बघताना मान थोडी तिरकी करत होती, जणू माझ्या कानाशी बोलतेय. माझ्या मावशीचंही असंच झालं होतं. डोळ्याचा मधला भाग जातो, कडेचं दिसतं. समोर माणूस बसला तर खुर्ची दिसते, चेहरा दिसत नाही.

म्हणजे तिची पद्धतच तिच्यावर उलटली होती. सांधा ती आणून ठेवत होती नेमक्या तिथे, जिथे तिला आता काहीच दिसत नव्हतं.

"हिदर कसा झालाय?" तिने विचारलं.

मी तोंड उघडलं. खरंच सांगते, सांगायलाच गेले होते मी. पण सांगितलं असतं तर ती थांबली असती. आणि तिचा बुधवार गेला असता तर माझा सोमवारही गेला असता. यान गेल्यापासून आठवड्यात मला उठून बसावंसं वाटायचं ते त्या एका वारी. दयेपोटी गप्प बसले असं मी पुढे कितीदा तरी स्वतःला सांगितलं. अर्धं खरं होतं. उरलेलं अर्धं माझ्या पोटातली भीती होती.

"बेमालूम," मी म्हटलं.

घरी येऊन मी तो सांधा भरला. तिच्यासारखा जमला नाही, पण चालून गेला. बुधवारी मी दुरुस्त केलेला तुकडा बायकांना पाठवला. पाठवायचं काम तसंही माझ्याकडेच होतं. वाहवा आली. ती मी तान्नेकेला फोनवर वाचून दाखवली. मग पुढचा सोमवार, त्याच्या पुढचा. अकरा धडे. हिवाळाभर मी तिच्या मागोमाग टाके घालत गेले.

मार्चमध्ये खाडीकाठच्या जांभळ्या फुलांचा तुकडा आला, आमच्या खाऱ्या चिखलात उगवतात ती. या वेळी सांधा पार उघडा होता, मध्यभागी ब्रश लागलेलाच नव्हता. मला वाटलं, डोळे अगदीच गेले आता. रडत रडत भरला मी तो. मग तिला पत्र लिहिलं: बेमालूम. नेहमीसारखंच.

तासाभरात फोन वाजला. "ये," एवढंच म्हणाली.

मी गेले तेव्हा टेबलावर कॉफी नव्हती. संगणक बंद होता. मान तिरकी करून ती माझ्या कानाशी बोलत होती.

"या वेळी मी सांधा भरलाच नाही, मिन. हातच लावला नाही. कच्चा तुकडा पाठवला तुला."

मी खुर्ची ओढली आणि बसले.

"किती वेळा?"

"अकरा."

"म्हणजे हिवाळाभर बायका वाहवा करत होत्या ती तुझी."

"असं काय बोलतेस? फुलं तुझीच होती. मी नुसती मधली..."

"मधलंच तर काम असतं. बाकी काय, फुलं कुणीही काढतं."

माझाही पारा चढला. अपराधी वाटलं की मी भांडते, तो माझा स्वभावच आहे. "तूही लपवलंसच ना? डॉक्टरकडे कधी गेली होतीस?"

"सप्टेंबरात."

"मग? मला एका शब्दाने बोललीस?"

"डॉक्टरचं यंत्र काय सांगायचं ते सांगतं. तुझ्या तोंडून ऐकायचं होतं मला. म्हणून वाट बघत होते." तिने टेबलावरून हात फिरवला, जणू कापडाची सुरकुती काढतेय. "डोळे गेल्याचं मी सोसलं असतं गं. डोळे दुसऱ्याचे वापरता येतात. मी तुझे वापरत होते."

मी माफी मागितली. शंभरदा मागितली असेन. ती रागावली नव्हती, त्याचाच मला जास्त धसका बसला. शाळेत ती उसवायची आणि कापड परत मुलीच्या हातात द्यायची, पुन्हा शिव म्हणायची. मला तिने काहीच परत दिलं नाही. दारापर्यंत सोडायला आली, चौकट चाचपत.

त्या बुधवारी धडा गेला नाही. बायकांना तिने दुसऱ्याकडून चार ओळी लिहून घेऊन पाठवल्या: डोळे गेलेत, थांबते, सगळ्यांचे आभार. मी फोन करायचे, ती उचलायची, हवेबद्दल बोलायची. एखादी गोष्ट चांगली झालीय असं मी म्हटलं की ती "नक्की?" म्हणून पुन्हा विचारायची. मी आणलेला बोलुसही ताजा आहे म्हटलं तर बोटाने दाबून बघायची. जवळजवळ दोन वर्षं असंच चाललं.

ती जानेवारीत गेली, झोपेतच. दुसऱ्या दिवशी तिची भाची क्रिना एक डिस्क घेऊन माझ्याकडे आली. "आत्याने सांगून ठेवलंय, निधनाच्या पत्राचा कागद तुम्हीच छापायचा. जसा आहे तसा. हात लावायचा नाही म्हणाली."

मी उघडला. तीच जांभळी फुलं, तोच कच्चा तुकडा. पत्रभर रेघाच रेघा.

माझा हात सवयीने ब्रशकडे गेला, खोटं कशाला बोलू. चित्र सरकवून फुली मधोमध आणली आणि बराच वेळ बघत बसले. मग परत सरकवलं आणि छापलं. काळ्या कडेच्या पाकिटांत पंचेचाळीस पत्रं घातली.

दफनानंतर तान्नेकेच्या घरी दिवाणखान्यात कॉफी आणि हॅमचे पाव फिरत होते. आमच्या गटातल्या वीसेक बायका आल्या होत्या, बेल्जियमहूनही चौघी. कागदाबद्दल कुणी मोठ्याने बोलत नव्हतं, पण प्रत्येकीची नजर हातातल्या पत्रावर होती. शेवटी एक जण माझ्याजवळ सरकली आणि दंडाला हात लावून हळूच म्हणाली, "मिन, फार दुःखात असशील गं, म्हणून बोलत नाही कुणी. पण इतका उघडा सांधा! तुझ्या नजरेतून कसा सुटला?"

कप खाली ठेवायला मला जागा सापडेना.

"सुटला नाही," मी म्हटलं. "मला दिसला होता. पहिल्याच दिवशी दिसला होता."