पदरचं घालू नको

त्या दुपारी नवसाबाईचं कडाक्याचं भांडण झालं, आणि ज्याच्याशी झालं तो माणूस ओसरीवर नव्हताच. तो कागदात होता, त्यातही इंग्रजीत होता.

मखमलाबादच्या मळ्यात, घराच्या ओसरीवर, ती झेंडूच्या माळा ओवत बसली होती. समोर नात, निकिता. पोरगी बारावीचे पेपर देऊन मोकळी झालेली, पण दिल्लीच्या विद्यापीठात भूगोल शिकायचा ध्यास घेऊन बसलेली. त्यासाठी सीयूईटी म्हणून साऱ्या देशाची एक परीक्षा असते. बाकीच्या विषयांत तिला तोड नव्हती. इंग्रजीच्या पेपरात मात्र उतारे वाचून उत्तरं द्यायची असतात, आणि तिथं तिची गाडी चिखलात रुतायची. तिच्या बापानं, महेशनं, सांगून टाकलं होतं, "यंदा जागा मिळाली तर दिल्ली. नाय मिळाली तर इथलंच कॉलेज. मग परत दिल्लीचं नाव काढायचं नाय."

नवसाबाई तर त्याच्याही पुढं गेली होती. भाचीच्या साखरपुड्यात, सगळी भाऊबंदकी पंगतीला बसलेली असताना, तिनं जिलबीचं ताट हातात धरून जाहीर केलं होतं, "माझी नात दिल्लीला चाललीय!" आता जागा हुकली असती तर पोरीची दिल्ली गेली असती आणि आजीचं नाक.

"वाच. मराठीत सांग, काय म्हणतोय तो मेला," नवसाबाई म्हणाली.

उतारा होता फुलं पिकवणाऱ्या कुठल्याशा गावाचा. खाली प्रश्न, या शेतकऱ्यांची मुख्य अडचण कोणती? चार उत्तरं दिलेली, त्यातलं एक निवडायचं. 'व्यापारी भाव पाडतात' या उत्तरावर निकितानं खूण केली होती, आणि गंगापूर रोडला शिकवणी घेणाऱ्या अंजली मॅडमनी त्यावर लाल फुली मारली होती. बरोबर उत्तर म्हणे, 'बाजार लांब आहे.'

नवसाबाईची सुई जागच्या जागी थांबली.

"लांब? लांब असला तर अगोदर उठावं! ह्यात कसली अडचण? व्यापारी गिऱ्हाईकासमोर गोड बोलतो आणि आमची मुंडी मुरगाळतो, ते दिसलं नाय याला? कधी पाटी डोक्यावर घेतलीय का यानं?"

"मीपण तेच म्हणते ना, आजी!"

"मग तुझंच खरं. त्या मॅडमला म्हणावं, माझ्या आजीची हयात गेली फुलबाजारात. चल, आत्ताच जाऊ. मी सांगते तिला."

"नको गं बाई!" निकितानं कपाळावर हात मारला. "मॅडमचं बरोबरच आहे. उताऱ्यात व्यापाऱ्याचं नावसुद्धा नाही. त्या रोज सांगतात, उताऱ्यात आहे तेवढंच घ्या. मला कळतं ते. पण वाचायला लागलं की हात आपोआप दुसरीकडं जातो. मागं कांद्याच्या उताऱ्यात असंच झालं. गंमत बघ, व्हेल माशावरचा उतारा सगळा बरोबर येतो मला. ज्यातलं काही कळत नाही ते बरोबर, आणि ज्यातलं कळतं तेच चुकतं."

"हे कसलं गं शिक्षण? म्हणजे शहाण्यानं नापास व्हायचं?"

तेवढ्यात अंगणात मोटारसायकल थांबली. बहिरू आला. बहिरू म्हणजे नवसाबाईचा धाकटा दीर. ती लग्न होऊन या घरात आली तेव्हा त्याला नाक पुसायचंही कळत नव्हतं, म्हणून तो आता रेल्वेतून रिटायर झाला तरी ती त्याला अरेतुरेच करायची. राहायचा मनमाडला. तिची लेक शुभांगी तिथंच दिलेली. खिशात फोन असले तरी देवकार्याचं आमंत्रण या लोकांत अजून माणूस येऊनच देतो. फोनवर बोलावणं म्हणजे न बोलावल्यासारखंच.

"वहिनी, सांगावा घेऊन आलोय," बहिरू ओसरीवर टेकला. "शुभांगीच्या घरी पौर्णिमेला जागरण-गोंधळ हाय. तिच्या सासूबाईंनी बोलावलंय. पण खरं सांगू का, तुम्ही यावं असं काय त्यांच्या मनात दिसलं नाय मला. मागच्या वेळी तुम्ही साडीवरून बोललात ना, ते धरून ठेवलंय त्यांनी."

"असं म्हणाल्या त्या?"

"म्हणाल्या नाय, पण…"

"हा पण कुणाच्या घरचा? त्यांचा का तुझा?"

बहिरू गडबडला. "माझाच."

"मग तो तुझ्या खिशात ठेव. त्या काय म्हणाल्या तेवढं सांग. शब्दाला शब्द."

बहिरूनं डोकं खाजवलं. "त्या म्हणाल्या, 'नवसाबाईंना सांगा, आदल्या दिवशीच मुक्कामाला या. पुरणाला तुमचे हात लागू द्या.'"

"अरे येड्या!" नवसाबाईनं मांडीवरची फुलं झटकली. "आदल्या दिवशी बोलावती, मुक्कामाला बोलावती, पुरणाला हात लावू देती, आणि तू म्हणतो मनात नाय? मनात नसतं तर ऐन जेवणाच्या वक्ताला बोलावलं असतं. साडीचं केव्हाच गंगेला मिळालं, हे त्या बाईनं न सांगता सांगितलंय. ते तू सोडून आला, आणि तिनं सांगितलंच नाय ते पोतंभर घेऊन आला. बहिरू, सांगावा सांगताना पदरचं घालू नको!"

हे बोलली, आणि बोलता बोलता तिचं तोंड उघडंच राहिलं.

तिनं बहिरूकडं बघितलं. मग निकिताकडं. मग त्या लाल फुलीकडं.

"निके," ती हळू आवाजात म्हणाली, "तू बहिरू हायेस."

"काय?"

"हा कागद म्हणजे सांगावा हाय गं! कुणीतरी कुणाकडं तरी धाडलेला. तू काय करतीस, त्याचा निरोप घेतीस आणि त्यात आपल्या मळ्याचं मीठ-मिरची टाकून पोचवतीस. त्यानं व्यापाऱ्याचं नाव काढलं नाय ना? मग तू कोण काढणार? तो चुकीचा असंल, येडा असंल, त्याचं तोंड त्याच्यापाशी. मॅडमचंच खरं हाय."

बहिरूला यातलं ओ की ठो कळलं नाही. त्यानं चहा घेतला आणि निघून गेला. जाताना निकिताच्या कानात म्हणाला, "तुझी आजी आज बरी हाय ना?"

दुसऱ्या दिवसापासून ओसरीवर नवीनच शाळा भरली. नवसाबाई दुसरी पास. इंग्रजीचं एक अक्षर तिला ओळखता येत नव्हतं, पण उलटतपासणीत तिचा हात कोण धरणार? निकितानं उतारा वाचायचा, कागद पालथा घालायचा, आणि सांगावा आणल्यासारखा मराठीत सांगायचा. मग नवसाबाई माळ ओवता ओवता सुरू व्हायची.

"कुणी सांगितलं? कशासाठी सांगितलं? न सांगता काय सांगितलं?"

आणि निकितानं तोंड उघडलं की पुढचा वार तयार, "कोणत्या शब्दाला धरून म्हणतीस?"

शब्द दाखवता आला तर उत्तर पास. नाही आला तर नवसाबाई हात पुढं करायची, "बहिरूभाऊ, चहा घेऊन या आता," आणि निकिता मुकाट्यानं उठून चहा टाकायची. पहिल्या आठवड्यात पोरीनं एवढा चहा केला की घरातली साखर संपली.

मग शेवटचा प्रश्न असायचा, "आवाज कसा होता त्याचा? कौतुकानं बोलला, टोचून बोलला, हळहळला, का नुसतं रेडिओवाणी सांगून मोकळा झाला?" कारण पेपरात तसंही विचारतात, लिहिणाऱ्याचा सूर कोणता म्हणून. आणि नवसाबाईला सुराचं काय सांगावं? 'या हं जेवायला' या शब्दांत कधी आग्रह असतो आणि कधी दार दाखवलेलं असतं, हे तिनं आयुष्यभर ऐकलेलं.

बातमी शेजारी पोचायला वेळ लागला नाही. विमलाबाई कुंपणावर कोपर टेकून म्हणाली, "ऐकलं ते खरं का? इंग्रजी शिकवतीस म्हणं तू?"

"खरं हाय."

"तुझी तरी किती झाली गं शाळा?"

"जेवढी झाली तेवढी माझ्या घरात पुरली. उरली नाय, म्हणून शेजारी वाटत फिरत नाय."

विमलाबाई नाक उडवून गेली खरी, पण जाताना टाकलंच, "बघू की. निकाल काय कुंपणाआड लपत नाय."

ते नवसाबाईला लागलं. पण पोरीसमोर चेहरा पडू दिला नाही तिनं.

एकदा मात्र उलटंच झालं. उतारा होता उत्तरेकडच्या एका थंड देशातल्या गावाचा. तिथं हिवाळ्यात महिनोन् महिने डोंगराआडून सूर्य दिसतच नाही. लोकांनी डोंगरावर मोठाले आरसे बसवले आणि गावच्या चौकात ऊन पाडलं. नवसाबाई हरखून ऐकत होती.

"किती बायांनी देव पाण्यात घातले असतील गं सूर्यासाठी! आणि लेकरं बिचारी, सारखी आजारी…"

"आजी."

"काय?"

"कोणत्या शब्दाला धरून म्हणतीस?"

सुई हवेतच राहिली. आतून सून उज्वला फिसकन हसली. नवसाबाईनं इकडं बघितलं, तिकडं बघितलं, मग गुडघ्यावर हात टेकून उठली.

"कुठं चाललीस?"

"चहा करायला. नियम म्हणजे नियम."

त्या दिवशी निकिताचे सगळे प्रश्न बरोबर आले होते. पुढच्या आठवड्यात अंजली मॅडमचा फोन आला, "निकिता, फुलांचा जुना उतारा मी मुद्दाम फिरवून दिला होता, तोही बरोबर? काय केलंस तरी काय?" निकिता म्हणाली, "मॅडम, सांगावा पोचवायला शिकले." मॅडमना ते कळायला बराच वेळ लागला, पण कळल्यावर त्या इतक्या खूश झाल्या की शिकवणीतल्या फळ्यावरच लिहून टाकलं, पदरचं घालू नका.

परीक्षेच्या दिवशी नवसाबाई स्वतः बरोबर गेली. द्वारका चौकात रिक्षा अडकली तेव्हा तिनं डोकं बाहेर काढून पुढच्या टेम्पोवाल्याला असं काही झापलं की त्यानं निमूट वाट दिली. निकिता आत गेली. बाहेर झाडाखाली सगळ्यांचे आईबाप मोबाइलमध्ये डोकं घालून बसले होते. नवसाबाई पिशवी मांडीवर घेऊन दाराकडं बघत बसली. तहान लागली तरी उठली नाही.

निकिता बाहेर आली ती कपाळाला आठी घालून. नवसाबाईनं तिचा हात धरून जवळ ओढलं.

"काय झालं?"

"आजी, तुझ्यावरच उतारा आला."

"माझ्यावर?"

"फुलं विकणाऱ्या बायांवर. लिहिणारा म्हणतो, त्या बायांना बाजार म्हणजे विरंगुळा. पैसा दुय्यम. मैत्रिणी भेटतात, गप्पा होतात, म्हणून त्या येतात."

"विरंगुळा?" नवसाबाई ताडकन उठली. मांडीवरची पिशवी खाली. आजूबाजूच्या चार लोकांनी मोबाइलमधून मान वर काढली. "अंधारात उठून, दवात साडी भिजवून, व्यापाऱ्याच्या शिव्या खाऊन… विरंगुळा?"

"ऐक ना. प्रश्न होता, लेखकाच्या मते या बाया बाजारात का येतात? एक उत्तर होतं, घर चालवायला. माझा हात तिकडंच जात होता गं. तुझी बोटं दिसत होती मला, सुईनं टोचलेली."

"मग?"

"मग तुझाच आवाज आला, कोणत्या शब्दाला धरून म्हणतीस? सगळा उतारा परत चाळला. घर चालवायचा एक शब्द नव्हता त्यात. मग विरंगुळा लावला आणि पुढं गेले."

जन्मात पहिल्यांदा कुणीतरी नवसाबाईविषयी धडधडीत चुकीचं बोललं होतं आणि तिला ते गिळायचं होतं.

"बरं केलंस," ती शेवटी म्हणाली. "सांगावा त्याचा, तोंड त्याचं. आणि आवाज? आवाज कसा होता?"

"कौतुकाचा. त्याला कळलेलं काही नाही, आजी, पण टोचून नाही बोलला. कौतुकानंच बोललाय. तेच उत्तर लावलं."

"हं." नवसाबाईनं पिशवी उचलली. "मग जाऊ दे, माफ. पण कधी भेटला तर पहाटे फुलबाजारात घेऊन ये त्याला. पाटी डोक्यावर देते आणि विरंगुळा दाखवते."

निकाल लागला तेव्हा महेश मळ्यात पाणी भरत होता. निकिता अंगणातून ओरडत पळत गेली तर त्याला वाटलं साप निघाला. इंग्रजीत तिला सगळ्या विषयांपेक्षा जास्त गुण होते. पुढं यादी लागली आणि दिल्लीच्या विद्यापीठात, भूगोलालाच, जागा पक्की झाली. महेशनं तेव्हा चिखलाच्या हातानं पोरीला जवळ घेतलं. तिचा पांढरा ड्रेस गेला तो गेलाच, पण कुणाला त्याचं काही नव्हतं.

नवसाबाईनं बहिरूला बोलावून घेतलं. लेकीच्या सासरी जेवणाचं आमंत्रण जायला हवं होतं, आणि ते माणसानंच न्यायला हवं होतं.

"नीट ऐक," ती म्हणाली. विमलाबाई कुंपणाशी भाजी निवडत असल्याचं दाखवत होती, म्हणून नवसाबाईनं आवाज जरा चढवला. "शुभांगीला आणि तिच्या सासूबाईंना सांग, निकिताला दिल्लीला जागा मिळाली. रविवारी जेवायला या. आदल्या दिवशी मुक्कामालाच या, पुरणाला तुमचे हात लागू द्या. म्हणून दाखव."

बहिरूनं शाळेतल्या पोरासारखं शब्दाला शब्द म्हणून दाखवलं, चप्पल घातली, मोटारसायकलला किक मारली.

"थांब!" नवसाबाई ओसरीवरून उतरून अंगणात आली.

"चुकलं का वहिनी काय?"

"चुकलं नाय. लय कोरडं वाटतंय रे." तिनं एकदा कुंपणाकडं बघितलं, मग नातीकडं, आणि झेंडूची अख्खी माळ मोटारसायकलच्या हँडलला गुंडाळली. "आज घाल पदरचं. हवं तेवढं घाल."