डाव्या कानातला देव

रबरी नळीचं एक टोक शिवणकाम करणाऱ्या बाईंच्या डाव्या कानात, दुसरं भक्ताच्या कानात. रांग पार जिन्यापर्यंत! जो तो आतलं "हुश्श... हुश्श..." ऐकायचा आणि डोळे पुसत उठायचा.

"आत नामजप चाललाय!" शेजारी बसलेले अंगारे-धुपारेवाले बाबा गरजायचे. "आणि देव माझ्या शब्दाबाहेर नाही!" आशीर्वाद दिल्यासारखी दोन बोटं ते बाईंच्या जबड्याखाली दाबायचे. आवाज बंद. बोटं उचलली की सुरू. वा रे देव, नळाची तोटीच जणू!

बाईंना ना आनंद, ना भीती. वर्षभर त्या नुसत्या बसून होत्या. त्या कानाने ऐकू येईनासं झालं होतं, तोंडाची डावी बाजू ओघळली होती, दोरा दातांनी तोडता येत नव्हता. तेही त्यांना दुसऱ्याच कुणाला होतंय असं वाटायचं. "औषध घेतलं तर देव कोपेल," असं बाबांनी बजावलेलं, आणि सासूबाईंना ते ब्रह्मवाक्य.

त्या दुपारी नणंद आली. परगावी कानाची डॉक्टर, वर्षाने घरी येत होती. वहिनीचा चेहरा बघताच ती रांग मोडून थेट तिच्यापाशी गेली.

"आई, तू नळी लाव. मी वहिनीची नाडी धरते." प्रत्येक ठोक्याला ती टेबलावर बोट आपटू लागली. टक. टक.

"अगं बाई! देव तुझ्या तालावर बोलतोय!" सासूबाई म्हणाल्या.

"माझ्या नाही, वहिनीच्या हृदयाच्या. वहिनी, जरा जिना चढून ये."

बाई धापा टाकत आल्या. नणंदेने पुन्हा नाडी धरली. बोट भराभर वाजू लागलं, नळीतला आवाजही. सासूबाईंचं तोंड उतरलं.

"आता बाबा, मानेला हात न लावता देवाला गप्प करा."

बाबांनी डोळे मिटले, पुटपुटले, घाम पुसला. हुश्श चालूच.

"मानेतली रक्तवाहिनी दाबली की रक्त अडतं, आवाज थांबतो. एवढीच यांची सिद्धी! असं दाबून एखाद्या दिवशी अर्धांगवायू झाला असता तिला. कानात रक्तवाहिन्यांची गाठ असणार, तिच्यातून वाहणाऱ्या रक्ताचा हा आवाज. क्वचित होते, पण होते. आई, उद्या दवाखान्यात."

बाबा कधी सटकले, कुणाला कळलंही नाही.

तपासणीत गाठच निघाली. शस्त्रक्रिया झाली, आवाज थांबला. कान मात्र गेला तो गेलाच, ओठही अर्धाच सावरला.

सासूबाई उशाशी रडत होत्या. "चुकलं गं माझं. बोल काहीतरी."

बाई छताकडे बघत होत्या. रडू त्यांना आलं नाही.

"वर्षभर सगळ्यांनी माझ्या कानाला कान लावला," त्या म्हणाल्या. "तुला काय होतंय, हे कुणी विचारलं नाही."

तेव्हा मंडळी, कुणाच्या अंगात देव बोलतो असं कानावर आलं, तर नळी शोधू नका. आधी त्या माणसाला विचारा, आणि डॉक्टरकडे न्या.