एक तास मागे

जहाजाच्या सहलीचं सगळं नियोजन माझ्याकडे होतं, कारण मी ते मागून घेतलं होतं. बाबांनी "तुला जमेल का?" असं विचारलं, तेव्हा मी "बाबा, मी दहावीत आहे," असं म्हणाले.

आठवड्यात चार बंदरं होती, पण त्यातलं तिसरंच खरं. तिथे मराठी वस्ती मोठी; आईची धाकटी बहीण तिथेच राहते आणि शहरबस चालवते. दोघी सहा वर्षांत भेटल्या नव्हत्या. आईला नुसतं समुद्राचं चित्र पाहूनही मळमळतं. ती जहाजावर चढली ती त्या एका दिवसासाठी. म्हणून त्या बंदराची जहाजवाल्यांची सहल मी नाकारली आणि मावशीशी परस्पर ठरवलं: अकरा वाजता, बंदराच्या फाटकाशी.

आदल्या संध्याकाळी घोषणा झाली. उद्याच्या बंदरातली घड्याळं आपल्यापेक्षा एक तास मागे आहेत; जहाज मात्र आपल्याच वेळेने चालेल. झालं! शेजारच्या टेबलावरच्या आजोबांनी घड्याळ पुढे केलं, आजींनी मागे, आणि दोघं दोन तासांच्या अंतरावरून भांडू लागले. मी शांत होते. मावशीला मेसेज टाकला: "मावशी, एक तास मागे आहे हं. लक्षात ठेव."

तिचं उत्तर आलं: "बरं झालं सांगितलंस!" आणि सोबत एक अंगठा.

दुसऱ्या दिवशी आमच्या अकराला, म्हणजे तिच्या दहाला, आम्ही फाटकाशी हजर. आईने ठेवणीतले कपडे घातले होते. मावशीचा पत्ता नाही. फोन वाजतोय, ती उचलत नाही.

"विसरली असेल," आई म्हणाली, इतक्या सहज की बाबा लगेच माझ्यावर घसरले.

"मॅडम, तुमच्या नियोजनात हे कुठे बसतं?"

तेवढ्यात समोरच्या थांब्यावर बस आली. मावशी चालवत होती.

"ताई!" ती खिडकीतून ओरडली. "अगं, तुम्ही इतक्यात कशा? जहाज एक तास मागे आहे ना?"

"जहाज नाही गं, तू मागे आहेस!" मी म्हणाले.

"मी कशी मागे? मी अगदी वेळेवर आहे!"

आता यात माझ्या मराठीची काही चूक नव्हती. मावशीने 'मागे' म्हणजे रखडलंय असं धरलं. जहाज बाराला येतंय म्हटल्यावर, तिची पाळी सांभाळायला येणाऱ्या सहकाऱ्याला तिने तेवढ्यात दाढ काढायला जाऊ दिलं. दाढ आतच मोडली. आता तो तीनशिवाय येत नव्हता. तिच्या तीनला आमचे चार, आणि साडेचारला आम्हाला जहाजावर चढायचं होतं.

आईने हिशेब ऐकला, पर्स काखेत घट्ट धरली आणि बसमध्ये चढली.

ती अगदी पुढच्या सीटवर बसली. डोक्यावर पाटी होती: बस चालू असताना चालकाशी बोलू नये. मावशी नियमाची पक्की, पण माइकबद्दल पाटीवर काही नव्हतं.

"पुढचा थांबा, ग्रंथालय," तिचा आवाज सगळ्या बसभर घुमला. "ताई, तू किती वाळलीस."

आईने पाटी वाचली. मग माझ्याकडे तोंड करून खणखणीत आवाजात म्हणाली, "सहा वर्षं सख्खी बहीण तोंड दाखवत नाही म्हटल्यावर माणूस वाळणारच."

"पुढचा थांबा, टपाल कार्यालय. रजा मिळत नाही. दवाखान्याकडे जाणाऱ्यांनी इथेच उतरावं."

"माझं ऑपरेशन झालं तेव्हासुद्धा नुसता फोन!" आई मला म्हणाली.

"फोन तरी केला ना," मागच्या भाजीच्या पिशवीवाल्या बाई बोलल्या.

"फोनने काय होतं?" चष्मेवाले काका उसळले. "माणूस यायला नको?"

बसमध्ये सरळ दोन पक्ष पडले. बाबा दोन्हीकडे मान डोलवत होते. काकांचा थांबा आला, गेला.

"काका, उतरायचं नव्हतं का?" मी विचारलं.

"गप बस. ऑपरेशन कसलं होतं?"

शेवटच्या थांब्यावर सगळे उतरले. काका शेवटी, नाइलाजाने. मावशीने इंजिन बंद केलं आणि मागे वळली.

"हं, आता बोल काय बोलायचंय ते."

आई उठली. ती चालकाच्या सीटपाशी गेली आणि मावशीची टोपी काढली.

"चिमे, केस पिकले की गं तुझे."

"तुझे नाही पिकले?"

"मी रंगवते."

मग दोघी हसायला लागल्या आणि हसता हसता भलतंच झालं. बाबा खिडकीतून बाहेरचा खांब पाहू लागले. मी रुमाल दिला. दोघींनी तो ओढाताण करून वापरला.

बाहेर रांग लागली होती. कुणीतरी दार ठोठावलं. "बाई, सुटायची वेळ झाली!"

मावशीने आईच्या खांद्यावरून डोकं न उचलता हात लांब केला आणि माइक ओढला.

"ही बस उशिरा सुटेल," ती म्हणाली.