अंबाड्याची उंची

संशोधन केंद्रात उंची मोजायचं काम सुनेकडे होतं. भिंतीला ठोकलेली मोजपट्टी, तिच्यावरून सरकणारी लाकडी फळी. ती अलगद डोक्यावर टेकवायची की झालं. म्हटलं तर पोरखेळ. वयाबरोबर बायकांची हाडं किती झिजतात हे बघायला त्याच बायका वर्षानुवर्षं तिथं येत होत्या, आणि एकेक महाबिलंदर! एरवी मानेवर असणारा अंबाडा केंद्रात येताना थेट टाळूवर चढायचा. फळी डोक्याला कुठली टेकतेय, ती टेकायची अंबाड्याला. सुनेला ते दिसत होतं. पण आईच्या वयाच्या बाईला केस सोडायला सांगायचं कसं? जीभच उचलायची नाही.

त्या सकाळी डॉक्टरीणबाई तणतणत आल्या.

"पन्नाशीनंतर बायकांची हाडं फुकट तपासा, औषध द्या, म्हणून सरकारकडे मागणी केली होती. आली परत! म्हणे, तुमच्याच नोंदींत उंची घटत नाही, मग हाडं झिजतात कशावरून? मुलंबाळं होईपर्यंत बाईची विचारपूस, पुढं तिचं काय होतं कुणाला पडलंय! आणि आपणच त्यांच्या हाती आयतं कोलीत दिलं. आजपासून केस सोडूनच मोजायचं."

सून दाराशी गेली, तर रांगेत पहिल्या कोण? तिच्याच सासूबाई! आता आली का पंचाईत!

सासूबाईंचं शिवणाचं दुकान होतं. नवऱ्यामागं त्या दुकानावरच त्यांनी मुलाला वाढवलं. पण गेल्या हिवाळ्यात शेजारीण पडून तिचा खुबा मोडला, आणि तेव्हापासून मुलानं धोशा लावला होता, "आई, तुझ्या हाडांत जरा काही निघालं की दुकानाला कुलूप." बाईंचा जीव त्या दुकानात. म्हणून तर त्यांचाही अंबाडा टाळूवर चढलेला.

"आई, केस सोडावे लागतील," सून म्हणाली.

"घरची म्हणून पहिला वार माझ्यावर होय गं?"

"सगळ्यांनाच सांगणार आहे."

"मग दुसरीपासून सुरू कर."

मागच्या बायका खुदखुदल्या, पण प्रत्येकीचा हात आपापल्या अंबाड्याकडे गेला. सून जवळ सरकली. "तुम्ही सगळ्या उंच राहिलात, म्हणून औषध नाकारलं, आई. तुम्हालाही, त्यांनाही. उद्या मलाही."

सासूबाईंनी हात डोक्याकडे नेला. मग त्यांनी अंबाड्यातले आकडे काढले. केवढेसे ते केस! सुनेला भडभडून आलं. फळी खाली आली, आणखी खाली आली. कागदावरच्या तरुणपणीच्या उंचीपेक्षा चार बोटं कमी.

"मला ठाऊक आहे गं," सासूबाई पुटपुटल्या. "माझेच कपडे जमिनीवर लोळतात. दरवर्षी खालून दुमडून शिवते. पण तुझ्या नवऱ्याला सांगू नकोस."

"सांगावं लागेल, उपचार करायचेत. पण कुलूप लावू देणार नाही, हा माझा शब्द."

सासूबाईंच्या मागं रांगेत एकेकीचे केस सुटायला लागले.

संध्याकाळी दुकानात मुलानं ऐकलं आणि कपाळावर हात मारला. "झालं! उद्यापासून बंद."

"अहो, जरा बघा तरी," सून म्हणाली.

सासूबाई कापड बेतत होत्या. टेबल छातीशी आलेलं, टाचा उचललेल्या, खांदे कानाशी. असं त्या कधीपासून उभ्या राहत होत्या कोण जाणे.

"अशानंच पडतील त्या एक दिवस," सून कडाडली. "आई घटल्या तर आईंना काढायचं! टेबल कापायचं नाही सुचत? आणि घरी बसवून हाडं काय घट्ट होणार आहेत?"

मुलगा तडक बाहेर पडला. शेजारच्या सुताराकडून करवत घेऊन आला, टेबल आडवं केलं, पायांवर खुणा करायला बसला. त्याचे डोळे भरले होते.

"चार बोटं ना?" त्यानं विचारलं.

"सहा काप," सासूबाई म्हणाल्या. "पुढंही मलाच उभं राहायचंय."