नव्वद शब्दांची परीक्षा

मित्रांनो, मी एक जुने स्टॉपवॉच आहे. पाच महिने वाचनवर्गाचे सर मला रोज संध्याकाळी टेबलाच्या खणात एका पत्रावर ठेवत. त्या पत्राला ते उत्तर देत नव्हते, आणि मला राग यायचा. घड्याळाने रागवावे की नाही, मला खरेच ठाऊक नाही. माझे काम मोजायचे.

मला धावणाऱ्यांसाठी बनवले होते. काही वर्षे मी खेळाच्या शिक्षकांच्या गळ्यात मिरवले. मग माझी काच तडकली आणि माझी रवानगी जिन्याखालच्या खोलीत झाली. तिथे सहावी-सातवीतल्या अडखळत वाचणाऱ्या मुलांचा वर्ग भरे. मुलाने उतारा वाचायचा, मी एक मिनिट मोजायचे. नव्वद शब्द झाले की यादीत 'सुधारणा झाली' असा शेरा, आणि मूल वर्गातून मोकळे. "या घड्याळानं कमाल केली," असे मुख्याध्यापिका बाई म्हणायच्या. मीही फुशारले.

पण परीक्षेचे उतारे होते तीनच. सरावाला तेच, परीक्षेलाही तेच. हे कुणाला खटकले नाही. मलाही नाही.

सातवीत एक मुलगी होती. बोलायला तिखट, म्हणून सगळे तिला मिरची म्हणत. पुस्तक उघडले की मात्र तिची बोलती बंद. वर्षाच्या सुरुवातीला ती एकतीस शब्दांवर होती आणि शेवटी एकदम एकशे चार!

"काय गं, जादूबिदू केलीस की काय?" सरांनी विचारले. ती हसली नाही. सरांनी शेरा लिहिला. पुढे ती मोठ्या शाळेत गेली आणि तिथून हे पत्र आले.

"सर, मी वाचत नव्हते. तो उतारा मला पाठ होता. आई रोज वाचून दाखवायची. इथेपण वाचनाचा वर्ग आहे पण मला घेत नाहीत. म्हणतात तुझी सुधारणा झाली आहे. तुम्ही दोन ओळी लिहून द्या. विज्ञानाचा पेपर मी कोरा दिला."

दोन ओळी! सर भिडस्त. कागद घ्यायचे, 'प्रिय' लिहायचे आणि चुरगाळायचे. यादी वर गेली होती, शाळेची वाहवा झाली होती. तोवर मिरचीचे आणखी चार पेपर कोरे गेले असतील. असल्या भिडस्तपणाची मला चीड येते.

गेल्या मंगळवारी तपासणीला साहेब आले. नमुना म्हणून बाईंनी मिरचीलाच बोलावून घेतले. ती आईबरोबर आली.

"वाच बाळ, घाबरू नकोस," बाई म्हणाल्या.

"कुठला वाचू?"

"नेहमीचाच गं!"

सरांनी मला सुरू केले. मिरचीने कागद टेबलावर पालथा घातला, सरांकडे रोखून पाहिले आणि अख्खा उतारा धडाधड म्हणून टाकला.

"बघितलंत साहेब? कागदाकडे बघायचीसुद्धा गरज नाही!" बाई म्हणाल्या. आणि साहेबांनी टाळ्या वाजवल्या.

टाळ्या, मित्रांनो! शिकल्यासवरलेली माणसे, पण पालथा कागद एकालाही खुपला नाही. दारातून तिची आई म्हणाली, "तिला दुसरं काहीतरी द्या ना वाचायला."

"आता वेळ नाही हो ताई, फोटो राहिलाय अजून," बाई घाईने म्हणाल्या.

सरांनी तोंड उघडले आणि मिटले. मिरचीने ते पाहिले. तिच्या डोळ्यांत जे होते, ते मोजायला माझ्याकडे काटा नाही.

मित्रांनो, मला फेकून द्या असे मी म्हणत नाही. पण मूल किती भरभर वाचते एवढेच मी सांगू शकते. त्याला काय कळले, ते तुम्हीच शेजारी बसून विचारायला हवे. त्याला कधीतरी न पाहिलेले पान द्या. ते अडखळले तर थांबा. तेवढा वेळ मला बंद ठेवा.

पाहुणे गेल्यावर सरांनी कागद घेतला. या वेळी चुरगाळला नाही. मिरचीच्या मोठ्या शाळेला लिहिले: 'या मुलीला अजून वाचता येत नाही. सुधारणा झाली हा शेरा चुकीचा आहे आणि तो मी दिला. तिला वर्गात घ्यावे.' खाली सही. त्याची नक्कल त्यांनी बाईंच्या टेबलावर ठेवली.

"सर, कशाला हात पोळून घेताय? शंभर टक्के निकाल आहे आपला!"

"नाहीये, बाई," सर म्हणाले.

मला खिशात टाकून ते तसेच बाहेर पडले. कोपऱ्यावरच्या टपालपेटीपाशी दोनदा पुढे-मागे झाले. मग पाकीट आत सरकवले आणि ते तळाशी पडल्याचा आवाज येईपर्यंत हात तिथेच धरून ठेवला.