त्रेचाळीस कागदांतला किल्लीवाला

दुधाच्या दुकानाचं शटर. खालची कडी कापलेली.

दातांच्या डॉक्टरांचं मागचं दार. चोरीस गेलेला माल: एक टेबलफॅन.

आजीबाई, वय ब्याऐंशी. चोराने न्हाणीघराला बाहेरून कुलूप घातलं आणि किल्ली घेऊन गेला. दोन तास आत. दार उघडलं तेव्हा गात होत्या.

संगीतशाळेची खोली. काही गेलं नाही. पियानोचं झाकण उघडं.

ताई, वय सदुसष्ट, दूर मायदेशी, एकटी. दर रविवारी फोनवर: "काय रे, आला का तुझा कागद?"

यातली शेवटची नोंद सोडली तर बाकीच्या पोलिसांच्या. आणि त्या प्रत्येकीच्या तळाशी एकाच माणसाचं नाव: कुलूप उघडून दिलं, दार दुरुस्त केलं, सही. तो माणूस म्हणजे आपला किल्लीवाला.

नागरिकत्वाचा अर्ज टाकून त्याला तीन वर्षं होत आली होती. बायकोचा अर्ज त्याच लखोट्यातून गेला आणि सात महिन्यांत ती शपथ घेऊन मोकळी झाली. याचं घोडं पोलीस पडताळणीपाशी पेंड खात होतं. कुणालाही विचारा, उत्तर एकच: पडताळणी चालू आहे. बहिणीला कायमचं बोलवायचं तर भाऊच नागरिक हवा, भावजय चालत नाही. आई गेल्यावर ताईने त्याला वाढवलं, त्यापायी स्वतःचं लग्नही राहिलं. आता ती रोज एक पान वाढायची आणि रेडिओशी गप्पा मारत जेवायची.

एका बुधवारी सकाळी तो ठाण्यात गेला. सायकलच्या दुकानाच्या पंचनाम्यावर सही राहिली होती. नेहमीचा हवालदार रजेवर, म्हणून मागच्या खोलीत पाठवलं. तिथे कागदांच्या भिंतीआड एक बाई शिक्के मारत होत्या.

"नाव?"

त्याने सांगितलं. शिक्का हवेतच थांबला.

"तुम्हीच का ते? बसा. तीन वर्षं झाली, मी तुम्हाला वाचतेय."

किल्लीवाला खुर्चीच्या कडेवर टेकला. "मला?"

"त्रेचाळीस कागद." बाईंनी गठ्ठ्यावर हात ठेवला. "संगणक एवढंच सांगतो की हे नाव पोलिसांच्या कागदांत आहे. चोर म्हणून आहे, साक्षीदार म्हणून की कडी बसवणारा म्हणून, ते त्याला कळत नाही. ते माणसाने वाचून कळवायचं. माणूस म्हणजे मी. कागद चार ठाण्यांत विखुरलेले. पत्र पाठवा, वाट बघा."

"मग एव्हाना वाचून झाले असतील की."

"चाळीस झाले होते. तेवढ्यात तुम्ही डॉक्टरांचं दार बसवलंत. दर नव्वद दिवसांनी यादी नव्याने निघते आणि तुम्ही तीत नव्याने हजर. आता हे उरलेले मी संपवते. तुम्ही फक्त एक यादी कोरी जाऊ द्या, मी त्याच दिवशी शिक्का मारते."

"म्हणजे चोर सोडून संन्याशाला फाशी."

"संन्यासी कसले? या शहरात तुमच्याइतक्या चोऱ्यांच्या जागी कुणीच गेलेलं नाही." मग त्या पुढे झुकल्या. "ते राहू द्या. त्या आजीबाई काय गात होत्या हो? कागदात नाही."

"पाढे. एकोणतीसचा चालू होता. मी दार उघडलं तर म्हणाल्या, थांब, संपू दे."

बाईंना चष्मा काढून डोळे पुसावे लागले.

घरी आल्यावर त्याने बायकोला सांगितलं, "तीन महिने पोलिसांचं बोलावणं आलं तरी जायचं नाही."

"आणि कुणी आत अडकलं असलं तर?"

त्याने हत्यारांची पेटी उघडली आणि परत मिटली.

"मी जाते," बायको म्हणाली.

"तू? किल्ल्या कापणं वेगळं, कुलूप उघडणं वेगळं."

"वीस वर्षं तुमच्या हातात चिमटा कोण देतंय?"

दिवस चौथा. चपलांचं दुकान. बायको दारापाशी, हा गाडीत, हात मांड्यांखाली दाबून. काचेतून डोकं काढून सांगतोय, "डावीकडे दाब, अगं डावीकडे." बायको उठली, गाडीपाशी आली, काच वर केली आणि परत गेली.

दिवस एकतीस. शिंप्याचं दुकान. बायकोने हत्यारं काढलीच नाहीत. आधी शिंप्याला विचारलं, "दादा, तुम्ही रोज किल्ली लावताना काय करता?" तो म्हणाला, "दार जरा वर उचलावं लागतं." तिने उचललं. पाच मिनिटांत काम फत्ते. किल्लीवाल्याने उभ्या जन्मात कुलपाच्या मालकाला काही विचारलं नव्हतं.

दिवस सत्त्याऐंशी. औषधांचं दुकान. चोराने कपाटाच्या कुलपात तारेचा तुकडा मोडून ठेवला होता. औषधं आत, आणि बाहेर एक गृहस्थ बायकोसाठी दम्याचं औषध घ्यायला उभे. पाव तास झाला. अर्धा झाला. किल्लीवाला गाडीतून उतरून समोरच्या फुटपाथवर आला, हात खिशात.

"अहो, तुम्ही का नाही करत?" हवालदाराने विचारलं. "भांडलात की काय घरी?"

"हात दाखवून अवलक्षण नको म्हणून."

गृहस्थांनी तिसऱ्यांदा घड्याळ पाहिलं. किल्लीवाल्याने ताईच्या रेडिओची आठवण गिळली. पुढची यादी तर पुढची, तो मनाशी म्हणाला, आणि हात बाहेर काढून रस्ता ओलांडला.

"मागे व्हा," बायको मान न वळवता म्हणाली. "तुमची सावली पडतेय कुलपावर."

तो मागे झाला. तारेचा तुकडा टणकन फरशीवर पडला.

"नाव?" हवालदाराने पंचनाम्यावर पेन टेकवलं. बायकोने स्वतःचं, वडिलांचं, आडनावासकट सगळं सावकाश सांगितलं, नवऱ्याचं तेवढं गाळलं, आणि त्याने नीट लिहिलं की नाही ते वाकून बघितलं.

यादी कोरी निघाली. बाईंनी बोलल्याप्रमाणे त्याच दिवशी शिक्का मारला, आणि शपथेच्या दिवशी सभागृहात सगळ्यात मागे बसून सगळ्यात जास्त टाळ्याही त्यांनीच वाजवल्या. पुढच्या वर्षी ताई आली. आल्या आल्या म्हणाली, "किती रे वाळलास," आणि ते धादांत खोटं होतं.

हल्ली ठाण्यातून फोन आला की विचारतात, "वहिनी आहेत का?" किल्लीवाला फोन बायकोकडे देतो आणि किल्ल्या कापत बसतो. शेजारी ताई असते. रेडिओ आहे, पण तिच्या बोलण्यात तो कुणाला ऐकू येत नाही.